डोंगराला लाव

सिकंदर मुलाणीला माती देऊन हिंदुराव शेलार घरी परतला, तेव्हा त्याची मुलगी ऋतुजा दारातल्या पायरीवर बसली होती. भर दुपारचं ऊन तिच्या पायांवर आलं होतं आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. कंपनीचं ओळखपत्र अजून गळ्यात होतं. बाप दिसताच ती उठली आणि तांब्या आणून तिनं त्याच्या हातावर पाणी ओतलं. हिंदुरावाच्या नखांत कबरीची तांबडी माती बसली होती, ती काही पाण्यानं निघाली नाही.

“आप्पा, आधी जेवून घ्या,” ती म्हणाली. “मग तुम्हाला एक ऐकवायचंय.”

“आधी ऐकव. घास उतरणार न्हाई तसाबी.”

तिनं फोन दोघांच्या मध्ये पायरीवर ठेवला. आधी नुसती घरघर आली. मग सिकंदरचा आवाज आला, तंबाखू तोंडात धरून बोलावं तसा, शांत.

“वास यायला लागला बघ बाई. लायनर जळतंय.”

थोडा वेळ काहीच नाही. मग लाल बटण दाबल्याचा खटका.

“बटण दाबलंय. काय फरक न्हाई.” आणि मग नवख्या ड्रायव्हरला सांगावं तसं, सावकाश, “आता डोंगराला लाव. भिऊ नको. डोंगराला लाव. अगं बाई, मधनं काय चाललीयस, डोंगराला लाव की...”

ऋतुजानं पुढचं ऐकवलं नाही. हिंदुरावानंही मागितलं नाही.

परवा सकाळी काळकड्याच्या घाटात हे घडलं होतं. गाडी विनाचालक, चाळीस टन बॉक्साइट भरलेली. आत एकटा सिकंदर, ‘सोबती’ म्हणून; ‘बाई’ म्हणत होता तो गाडीलाच. घाट उतरताना प्रत्येक विनाचालक गाडीत एक माणूस बसवायचा असा सरकारी नियम होता. या सोबत्याच्या हातात सुकाणू नसायचं, पायाखाली ब्रेक नसायचा, समोर फक्त एक लाल बटण, दाबलं की सगळे ब्रेक एकदम लागावेत असं. पंचवीस वर्षं घाटात गाडी चालवलेल्या माणसाला असं बसवणं म्हणजे आचाऱ्याला पंगतीत बसवून ठेवण्यासारखं, असं सिकंदर स्वतःच हसत सांगायचा. ब्रेक गेले, आणि आठव्या वळणाला ताशी ब्याण्णवच्या वेगानं गाडी कठडा तोडून दरीत गेली. चढणारी लेन त्या घडीला मोकळी होती, एवढंच नशीब.

“कंपनीचा पहिला अहवाल तयार आहे,” ऋतुजा म्हणाली. “त्यात म्हटलंय की सोबती घाबरला. लाल बटण त्यानं वेळेआधी दाबलं आणि म्हणून ब्रेक जास्त तापले. पुरावा म्हणून हेच बोलणं लावणार आहेत. गाडी डोंगरावर घाल म्हणतोय, म्हणजे माणूस भानावर नव्हता.”

“सिकंदर आन घाबरला?”

“मलाही पटत नाही. म्हणून तर आले. आप्पा, ब्रेक गेलेली गाडी डोंगराला घासून थांबते का? आमच्याकडे चाळीस ड्रायव्हरांनी घाट उतरल्याच्या नोंदी आहेत, एक लाख उतार. काल रात्रंदिवस बसून मी सगळे चाळले. एकाही उतारात कुणी असं केलेलं नाही.”

हिंदुरावानं पाण्याचा तांब्या उचलला आणि परत ठेवला.

“जुनी माणसं करायची म्हणं.”

“म्हणे नको मला. कुणी केलंय, कधी, किती वजन होतं, किती वेग होता? असा एक जरी उतार मिळाला तरी सिकंदरचाचांच्या नावावरचा डाग निघेल, आणि गाड्यांना ते शिकवता येईल. सोमवारी घाट परत सुरू होतोय. तीनशे गाड्या आहेत, आप्पा, आणि तीनशे सोबती.”

“मला न्हाई ठावं,” हिंदुराव म्हणाला. मुलीच्या डोळ्यांकडे न बघता त्यानं हे म्हटलं, आणि तिनंही फोन उचलून खिशात टाकला.

इथं थोडं मागं जायला हवं.

काळकड्याचा घाट चौदा किलोमीटरचा. देशावरून निघालेला महामार्ग खडकेवाडीला कड्याच्या काठावर येतो आणि तिथून सातशे मीटर खाली कोकणात उतरतो, बंदराकडे. नकाशावर ही रेघ मोठी देखणी दिसते. चाळीस टनांची गाडी घेऊन उतरणाऱ्याला ती तशी दिसत नाही. उंचावर उभी असलेली प्रत्येक जड वस्तू म्हणजे साठवलेली ऊर्जा असते, आणि खाली येताना ती ऊर्जा कुठंतरी जावीच लागते. एवढी गाडी माथ्यावरून पायथ्याला येते तेव्हा पंचाहत्तर युनिट विजेइतकी ऊर्जा मोकळी होते. बेताच्या घराला आठवडाभर सहज पुरावी इतकी. ब्रेक मारला की ही ऊर्जा उष्णता होऊन ड्रममध्ये जाते. ड्रम तापून फुगतो, त्याला घासणारं लायनर जळायला लागतं, पकड सुटते, आणि मग पेडलवर उभं राहिलं तरी गाडी ऐकत नाही. म्हणून घाटातला शहाणा ड्रायव्हर गाडी खालच्या गिअरात टाकून इंजिनाच्या जोरावर धरून ठेवायचा आणि ब्रेकपासून पाय ठेवायचा तो देवळाबाहेर चप्पल ठेवावी तसा, लांब.

विजेच्या गाड्या आल्या आणि हा त्रास बराचसा संपला. उतारावर त्यांची मोटर उलटं काम करते, चाकांचा जोर घेऊन वीज तयार करते आणि बॅटरीत भरते. त्यात गाडी आपोआप रोखली जाते. फक्त एक अट असते, बॅटरीत जागा हवी. काठोकाठ भरलेल्या बॅटरीत वीज ओतता येत नाही. मग उरतात ते जुनेच ब्रेक. परवा माथ्यावर गाड्या दीड तास खोळंबल्या होत्या आणि चार्जरला लावून ठेवलेली सिकंदरची गाडी उभ्या-उभ्या पूर्ण भरली होती.

गाड्यांमधून ड्रायव्हर काढायचं ठरलं, तेव्हा घाट उतरायला त्यांना शिकवायचं कुणी, हा प्रश्न आला. कंपनीनं काळकड्यातले चाळीस कसलेले ड्रायव्हर निवडले, त्यांत हिंदुरावही होता, आणि त्यांच्या डिझेल गाड्यांत एकेक पेटी बसवली. सुकाणू किती वळलं, पाय किती दाबला, ड्रम किती तापला, कुठल्या वळणाला कुठला गिअर, सगळं ती पेटी कार्डावर टिपायची आणि रेंज मिळेल तसं कंपनीला पाठवायची. तीन वर्षं हे चाललं. ड्रायव्हर त्याला ‘शिकवणी’ म्हणायचे. आपणच आपल्या पोटावर पाय द्यायला शिकवतोय, हे कळत असूनही बहुतेकांना त्या पेटीचा अभिमान वाटायचा. आपला हात लिहून ठेवण्यासारखा आहे असं आजवर त्यांना कुणी म्हटलं नव्हतं.

अशा यंत्राजवळ भीती नसते आणि अक्कलही नसते. असतात ती उदाहरणं. प्रसंग आला की पाहिलेल्यातलं सगळ्यांत जवळचं उदाहरण शोधायचं आणि तसं वागायचं. ज्याचं उदाहरणच कुणी दाखवलं नाही, ते त्याच्या लेखी जगात नाही. ब्रेक पूर्ण गेल्यावर परवाच्या गाडीनं आपल्या लाखभर आठवणी धुंडाळल्या, तेव्हा तिला एकच गोष्ट सापडली. चांगला ड्रायव्हर लेन सोडत नाही आणि ब्रेक हळूहळू वाढवतो. तिनं तेच केलं. कठड्याला धडकेपर्यंत गाडी लेनच्या बरोबर मधून चालली होती.

आणि गाडी डोंगराला लावल्याचं उदाहरण घडलेलं होतं. आठ वर्षांपूर्वी, फाल्गुनातल्या एका दुपारी, सहाव्या वळणाच्या खाली.

हिंदुरावाला एक खोड होती. सहाव्या वळणाच्या आधी अर्धा किलोमीटर सरळ रस्ता आहे, तिथं तो गाडी न्यूट्रलला टाकायचा. डिझेल वाचतं असं सांगायचं, पण खरं कारण ते नव्हतं. इंजिनाचा आवाज एकदम गळून पडायचा, पंचवीस टनांचं धूड नुसतं वाऱ्याच्या आवाजात खाली सरकायचं, आणि अर्धं मिनिट हिंदुरावाला वाटायचं की आपल्या डोक्यावर कसलंच ओझं नाही. बायको गेल्यापासून ते अर्धं मिनिट त्याला लागायचं. वळण आलं की परत गिअर.

त्या दुपारी गिअर पडला नाही. वेग जास्त झाला होता, दात धरेनात. ब्रेक मारले, ड्रम धुरावले, पेडल ढिलं पडलं. मग हिंदुरावानं ते केलं जे त्याच्या उस्तादानं एकदा तोंडी सांगितलं होतं. डावीकडची चाकं डोंगराच्या कडेच्या गटारात घातली आणि गाडीची अख्खी डावी बाजू कातळाला लावली. नव्वद मीटर ठिणग्या उडाल्या. आरसा गेला, बाजूचे फाळके गेले, टायर फाटले, आणि गाडी थांबली.

मागून सिकंदर आला. हिंदुराव खाली उतरून दगडावर बसला होता. सिकंदरनं आधी चाकाला दगड लावले, मग त्याच्या तोंडाला पाण्याची बाटली लावली, आणि मग पोटभर शिव्या दिल्या.

“सिकंदर, पेटी,” हिंदुराव म्हणाला. “पेटीत सगळं आलं असंल.”

“आलं असंल तर येऊ दे. शिकायलाच ठेवलीय की तिला. हेच तर खरं शिकवायचं, लेका, बाकी काय रोजचंच.”

“न्यूट्रल दिसंल. काढून टाकतील.”

“काढू देत.”

“ऋतू बघंल रं.”

ऋतुजा दोन महिन्यांपूर्वी त्याच कंपनीत लागली होती. पेट्यांमधले उतार तपासायचं काम तिच्याकडे होतं. आदल्याच रविवारी जेवताना ती सांगत होती की नव्या लोकांना दाखवायला आम्ही आप्पांचा उतार ठेवलाय, चाळीसांत असा दुसरा नाही. हे ऐकताना हिंदुरावाचा घास हातातच राहिला होता. आयुष्यात त्याला दोनच गोष्टी धड जमल्या, घाट आणि ही पोर. आणि पोरीनं घाटावरून त्याला शाबासकी दिली होती. तिच्या नजरेतून उतरायची त्याला छाती झाली नाही.

तो चक्क हात जोडून बसला. शेवटी सिकंदरनंच पक्कड आणली, पेटीतलं कार्ड बाहेर ओढलं आणि वाकवून दरीत फेकलं. वायर अशी तोडली की उंदरानं कुरतडल्यासारखी दिसावी. मालकाला सांगितलं की समोरून बस अंगावर आली म्हणून गाडी कडेला घासली. त्यानंतर आठ वर्षांत त्यानं हा विषय एकदाही काढला नाही, चेष्टेतसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी हिंदुराव मुलाण्यांच्या घरी गेला. अंगणात सतरंजीवर माणसं बसली होती. एक जण दुसऱ्याला सांगत होता की काही झालं तरी वय झालं होतं, ऐन वेळेला हात थरथरला असणार. हिंदुराव दिसताच त्यानं सरकून जागा दिली. सिकंदरची बायको जैतुनभाभी आत भिंतीला टेकून बसली होती.

“भाऊजी, टीव्हीवर सांगत्यात का ते घाबरलं म्हणून,” तिनं विचारलं. “तुम्ही पंचवीस वर्सं त्यांच्यासंगं व्हता. घाबरणारा माणूस व्हता का वो ह्यो?”

“न्हाई, भाभी.”

“मग तुम्ही सांगा की तसं. तुमचं ऐकतील. ऋतूला सांगा.”

तिला काहीच माहीत नाही, असं हिंदुरावाला वाटलं. नवऱ्याच्या दोस्ताकडे ती साधं, हक्काचं मागणं मागत होती, आणि त्या विश्वासानं हिंदुराव मेल्याहून मेल्यासारखा झाला. त्याला तिथं बसवेना. चहा येतोय म्हणाले तरी तो उठला, घरी न जाता सरळ माथ्यावरच्या कंपनीच्या इमारतीत गेला, आणि फाटकावरच्या माणसाला म्हणाला की ऋतुजा शेलारला सांग, बाप आलाय.

ऋतुजाची खोली काचेची होती. काचेतून घाटाची पहिली तीन वळणं दिसत होती, रिकामी. हिंदुराव खुर्चीवर बसला नाही. उभ्यानंच त्यानं सगळं सांगितलं. न्यूट्रल, गिअर, गटार, नव्वद मीटर, पक्कड, कार्ड. वजन पंचवीस टन, वेग पंचावन्नच्या आसपास. तिनं मागितलं होतं तसं सगळं दिलं, फक्त तिच्याकडे बघितलं नाही.

“तुझ्यापायी केलं असं म्हणणार न्हाई मी,” तो म्हणाला. “माझ्या मोठेपणापायी केलं. ती अकरा मिन्टं पेटीत असती तर त्या दिशी गाडी डोंगराला लागली असती. सिकंदर मेला न्हाई, मी मारला त्याला. तुला काय लिवायचं ते लिव.”

तिनं रागवावं, ओरडावं, हाकलून द्यावं, याची तयारी करून तो आला होता. ती रडली असती तरी त्याला चाललं असतं.

“तुम्हाला कसं माहीत अकरा मिनिटं?” तिनं विचारलं.

“सहाव्या वळणाखालनं पायथ्यापातूर अकराच मिन्टं लागत्यात. का?”

“अकरा मिनिटं. फाल्गुनातली. तुमच्या नोंदीत बरोबर अकरा मिनिटं नव्हती, आप्पा.” तिचा आवाज कोरडा पडला होता. “मला तेव्हाच दिसलं होतं. रेंज जायच्या आधी पोचलेल्या सेकंदांत वेग वाढतोय, गिअर नाही, आणि पुढं काहीच नाही. मला काय झालं असेल ते कळायला इंजिनिअर असायची गरज नव्हती. मी तुम्हाला विचारलं नाही. वरिष्ठांना सांगितलं नाही.”

“मग काय केलंस?”

“भरून काढली. तुमच्या बाकीच्या उतारांची सरासरी घेतली आणि ती अकरा मिनिटं भरली. आधीचे ते सेकंदही पुसले. सुंदर उतार झाला. तोच आम्ही नमुना म्हणून दाखवत होतो.”

हिंदुराव खुर्चीत बसला.

“आणि मी एकटी नाही,” ती पुढं म्हणाली. “काल परत बघितलं. चाळीसही जणांच्या नोंदीत अशा जागा आहेत. कुणाची चार मिनिटं, कुणाची वीस. चाळीस माणसं, तीन वर्षं, आणि एकाचाही ब्रेक गेला नाही, हे आम्हाला खरं वाटलं. वाटलं म्हणजे काय, वाटून घेतलं. प्रत्येकानं आपली वाईट मिनिटं लपवली आणि आम्ही ती गोड करून भरली. त्या गाडीला कुणी कधी भीती दाखवलीच नाही.”

बापलेक समोरासमोर बसून राहिले. एकमेकांना सांभाळायला म्हणून दोघांनी जे केलं होतं, त्याच्या बरोबर मध्ये तिसराच माणूस, सिकंदर, सापडला होता. हिंदुरावानं टेबलावरून हात पुढं केला. तिनं तो धरला नाही. दूरही सारला नाही, नुसती बघत राहिली.

अहवाल तिनं त्याच दिवशी लिहिला. बापाचं नाव घातलं, स्वतःचं घातलं, काहीही झाकलं नाही. सोमवारी घाट उघडला नाही. चौकशी समितीनं हिंदुरावाचा जबाब घेतला आणि सिकंदर मुलाणी यांनी शेवटपर्यंत योग्य तीच सूचना दिली, असं लेखी मान्य केलं. पण गाड्यांना शिकवायचं तर नुसता जबाब पुरेना. संगणकावर प्रयोग करून पाहिले. कधी गाडी थांबायची, कधी उलटायची. कातळ किती धरतो, गटाराची कड चाकाला कशी लागते, हे आकडे कुणापाशीच नव्हते. खरा उतार हवा होता. दुरून गाडी चालवून चालणार नव्हतं, कारण कातळ लागतो तो पहिल्यांदा बुडाखाली कळतो, मग हाताला.

“मी उतरवतो,” हिंदुराव म्हणाला. तो तेव्हा एकोणसाठ वर्षांचा होता.

परवानगीच्या कागदावर उतार विभागाच्या प्रमुखाची सही लागत होती, म्हणजे ऋतुजाची. ती दोन दिवस कागद घेऊन बसली. तिसऱ्या दिवशी सही केली. राजीनामा देण्याआधी तिनं केलेली ती शेवटची सही.

घाट दोन्हीकडून बंद केला. जुनी डिझेल गाडी, मागं पंचवीस टन दगड. जागा सहाव्या वळणाखालचीच, कारण तिथं चुकलं तर पुढं गाडी अडवायला वाळूचा चढ होता. पेटीचा हिरवा दिवा लागला. शेजारची जागा रिकामी होती. हिंदुरावानं न्यूट्रल टाकला, आणि आठ वर्षांनी तो आवाज परत गळून पडला. या वेळेला त्याला हलकं वाटलं नाही.

तो पेटीशी मोठ्यानं बोलत राहिला. सिकंदर बोलला असता तसं.

“वेग पंचेचाळीस. ब्रेक मारतोय, धरतोय अजून. वास आला. आता पेडल मऊ लागतंय, लिव. पाय कापतोय माझा, त्येबी लिव. भ्या वाटतंय. पोटात गोळा आलाय. अशा वक्ताला माणसाला रस्त्याच्या मधनंच जावंसं वाटतं, कडंला जायचा धीर व्हत न्हाई. तरी जायाचं. आता चाक गटारात घालतोय. हळू... एकदम न्हाई. आता डोंगराला.”

कातळ लागला. काच फुटून अंगावर आली, डावीकडचं दार आत चेपलं, आणि सुकाणूच्या हिसक्यानं हिंदुरावाचा उजवा हात खांद्यातून निखळला. शहात्तर मीटरवर गाडी थांबली.

ऋतुजा रस्त्यावरून धावत आली. तिनं दार ओढून उघडलं, बापाचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघितला, जिवंत आहे याची खात्री केली, आणि मग तिथंच रस्त्यावर बसून ती पहिल्यांदा रडली. चाचा, चाचा, म्हणत रडली. हिंदुरावाला वरून तिच्या डोक्यावर हात ठेवायचा होता, पण खांदा हलत नव्हता.

एका आठवड्यात तो उतार तीनशे गाड्यांत गेला. मागोमाग बाकीच्या ड्रायव्हरांनीही येऊन आपापली लपवलेली मिनिटं सांगितली. काही जण सांगताना रडले, म्हणे. ऋतुजा नागपूरला दुसऱ्या नोकरीवर गेली. जाताना पाया पडली. फोन करीन म्हणाली, पण केला नाही, आणि हिंदुरावाला ते कळत होतं. त्याच्याशी बोलायचं म्हटलं की तिला ती अकरा मिनिटं आठवत असणार. त्यालाही तिचा आवाज आठवला की तीच आठवायची.

अडीच महिन्यांनी तिचा फोन आला. सकाळची वेळ होती, तो भाकरी करत होता.

“आप्पा, काल संध्याकाळी आपल्या घाटात एका गाडीचे ब्रेक गेले,” ती म्हणाली. “गाडी स्वतःहून डोंगराला लागली. आत एक मुलगी होती सोबतीण म्हणून, चोवीस वर्षांची. कपाळाला चार टाके पडलेत. बाकी काही नाही.”

“बरं,” हिंदुराव म्हणाला. त्यानं तव्यावरची भाकरी उलटली.

“चाचींना तुम्ही सांगा,” ती शेवटी म्हणाली. “मला धीर होत नाही.”

अहवाल बाहेर आल्यापासून हिंदुराव मुलाण्यांच्या गल्लीत फिरकला नव्हता. जैतुनभाभीला सगळं कळलंय हे त्याला माहीत होतं. गावात कुणाला कळायचं राहिलं नव्हतं. तवा उतरवून, अंगावर धुतलेला सदरा चढवून तो निघाला.

तिनं दार उघडलं आणि आत या म्हणून बाजूला झाली. त्यानं त्या सोबतीण मुलीची बातमी सांगितली. कपाळाचे चार टाके सांगितले. तिनं त्या मुलीचं नाव विचारलं, ते त्याला माहीत नव्हतं. मग ती चूल पेटवायला उठली आणि तिनं चहा टाकला. कप त्याच्या पुढं ठेवून ती समोर बसली.

“ते घाबरलं न्हवतं हे लिवून आलं,” ती म्हणाली. “ते तुम्ही केलं. ते मी इसरणार न्हाई.”

हिंदुरावानं मान खाली घातली.

“कार्ड फेकलं त्ये त्यांनी मला त्याच दिवशी सांगितलं व्हतं, भाऊजी. आठ वर्सं मला ठावं हाय. हासत सांगितलं, हिंद्याची इज्जत वाचवली म्हणून. त्यांनी तुमच्यावर कधी राग धरला न्हाई, म्हणून मलाबी धरता येत न्हाई. पर तुमचं तोंड बघितलं की धरावासा वाटतोय. लई वाटतोय. त्यांच्या दोस्ताचा राग केला तर त्यांना काय वाटंल, म्हणून रोज रात्री रडतीया मी.” तिनं पदरानं डोळे पुसले. “चहा घ्या. आन ह्यापुढं येत जाऊ नका.”

हिंदुरावानं चहा सगळा संपवला. अर्धा टाकला असता तर तिच्या जिवाला लागलं असतं. कप खाली ठेवून तो उठला, बाहेर येऊन त्यानं चपला पायांत घातल्या. मागं दार लागलं. आतून कडी पडल्याचा आवाज येईपर्यंत तो पायरीवर उभा राहिला, आणि मग घरी गेला.